ज्या थेंबानं रेघ उडते

साताऱ्यात मी स्पर्धा परीक्षांचा क्लास घेतो. विषय तर्क. नव्या बॅचला 'विधान आणि गृहीतक' हा धडा सुरू केला की तिसऱ्या-चौथ्या बाकावरून एक हात वर येतोच. "सर, न दिलेली गोष्ट ओळखायची कशी? ती तर दिलेलीच नसते."

प्रश्न रास्त आहे. विधान छापलेलं असतं, निष्कर्ष छापलेला असतो, आणि या दोघांच्या मधे बोलणाऱ्यानं काहीतरी न सांगता खरं धरलेलं असतं. ते छापलेलं नसतं. नेमकं तेच शोधायचं असतं. हा प्रश्न कुणी विचारला की मला आजही उभ्या उभ्या हुरूप येतो. हातातला खडू खाली ठेवून मी पोरांना आधी एका माणसाबद्दल सांगतो. मला हा धडा ज्यांनी शिकवला ते सातवी पास होते. कुठलीच स्पर्धा परीक्षा त्यांनी दिली नव्हती, आणि गृहीतक हा शब्द त्यांच्या कानावर वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा पडला होता.

हणमंततात्या. विट्याचे. गलाईवाले.

आमच्या विट्याकडं घरटी एक तरी माणूस परमुलखात गलाईला असतो. जुने दागिने वितळवायचे, त्यातलं हीण काढायचं आणि चोख सोनं गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचं, हे गलाईचं काम. तात्या विशीत मदुराईला गेले ते पन्नाशी उलटल्यावर परत आले. तेजाबाच्या वाफेनं छातीत खोकला बसला होता. शिवाय सोन्याचा कस एका मिनिटात सांगणारी यंत्रं आली होती. दगडावर रेघ ओढून कस सांगणाऱ्या माणसाला कोण विचारतो? दुकान पोरावर सोपवून तात्या विट्याला आले आणि स्वतःच बांधलेल्या बंगल्यात पाहुण्यासारखे राहायला लागले.

गलाईवाल्यांचे बंगले हा एक वेगळाच प्रकार आहे. तीन मजले, गॅलरीला स्टीलचे कठडे, फाटकावर सिमेंटचे दोन सिंह, आणि आत राहायला माणूस नाही. तात्यांनी वरचा मजला बापू नावाच्या गृहस्थांना अभ्यासिकेसाठी भाड्यानं दिला होता. त्या अभ्यासिकेत आम्ही पस्तीस-चाळीस जण दिवसभर मान खाली घालून बसायचो. त्यातलीच एक सारिका. तिचा तिसरा प्रयत्न होता. गणितात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण तर्काच्या प्रश्नांत ती हमखास घसरायची. तिला मोठ्यानं वाचल्याशिवाय काही समजत नसे, म्हणून बापूंनी तिला गच्चीच्या जिन्यात हाकललं होतं. पाण्याची टाकी तिथंच. ती भरली का बघायला तात्या वर आले आणि ओल्या हातानं तिच्यामागं उभे राहिले. मी तेव्हा गच्चीवर डुलकी काढायला आलो होतो, म्हणून मला हे सगळं दिसलं.

सारिका वाचत होती, "'हा डॉक्टर मोठ्या शहरातला आहे, म्हणून याच्या औषधानं गुण येईल.' या विधानात काय गृहीत धरले आहे?"

"गृहीत धरलंय म्हंजी?" तात्यांनी मागून विचारलं.

ती दचकली, पण उत्तर तिनं नीट दिलं. "म्हंजी तात्या, बोलणाऱ्यानं ते सांगितल्यालं नसतं, पण मनात खरं धरल्यालं असतं. ते धरल्याबिगर त्याचं बोलणंच उभं ऱ्हात न्हाई. हितं त्यानं धरलंय की मोठ्या शहरातला डॉक्टर म्हंजी चांगला डॉक्टर."

"आणि धरल्यालं खोटं निघालं तर?"

"तर सगळंच पडलं."

तात्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "ह्याला नाव हाय व्हय." पुन्हा एकदा, स्वतःशीच, "नाव हाय ह्याला."

टाकी भरून वाहायला लागली. पाणी जिन्यावरून खाली निघालं, अभ्यासिकेच्या दारातल्या चपला तरंगल्या, बापू खालून ओरडत आले. टाकीच्या मालकाला त्याचं काही नव्हतं. तो म्हणत होता, "दुसरा वाच गं."

ते त्या दिवशी पायरीवर का बसले, ते आम्हाला पुढं महिन्याभरानं कळलं. तुम्हाला मी तेवढं थांबवत नाही, आत्ताच सांगून टाकतो.

त्याच्या बावीस वर्षं आधी मदुराईच्या गलाई गल्लीत एक नवी नवरी आली. मंगल. माहेर आटपाडीचं. वडिलांनी लग्नात तिला पाटल्या घातल्या होत्या. सासूच्या मनात त्या मोडून नव्या तऱ्हेच्या करायच्या होत्या, म्हणून तिनं त्या तात्यांकडं आणल्या. दिवाळीची गर्दी, दुकानात आणि दुकानापुढं गल्लीतलीच सगळी आपली माणसं. सासू म्हणाली, नक्षीला दगड लावू नको. तात्यांनी आतल्या बाजूची कोरी जागा बघून कसोटीच्या दगडावर रेघ ओढली, वर तेजाबाचा थेंब सोडला. रेघ फिकी पडली. तात्या सगळ्यांदेखत म्हणाले, "हे हिणकस हाय." झालं. पोरीच्या बापानं पितळ दिलं, असं गल्लीभर झालं. बाप आटपाडीहून दोन दिवसांचा प्रवास करून आला, दारात उभा राहून शपथा घातल्या. पण तात्यांचा शब्द म्हणजे गल्लीत शेवटचा शब्द. बाप जो परत गेला तो लेकीच्या दारात पुन्हा आला नाही, आणि काही वर्षांनी वारला.

पुढच्या उन्हाळ्यात, मंगलच्या पाटल्या ज्यानं घडवल्या त्याच आटपाडीच्या सोनाराच्या हातच्या दुसऱ्या पाटल्या तात्यांकडं गाळायला आल्या. आतून रेघ ओढली, फिकी. गाळल्या, तर सोनं चोख. तात्यांनी ताठ बसून विचार केला तेव्हा उमगलं. तो सोनार सांधा आतल्या बाजूला घ्यायचा. सांधा जोडायला हलकं सोनं लावतात. तात्यांनी रेघ ओढली होती ती सांध्यावर, आणि धरून चालले होते की इथं जे आहे तेच सगळ्या पाटलीत आहे.

त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. बावीस वर्षं नाही. चूक माहीत होती, पण ती नेमकी कुठं झाली हे म्हणायला शब्द नव्हता. तो त्यांना गच्चीच्या जिन्यात, ओल्या हातानं, सारिकाच्या पुस्तकात सापडला.

दुसऱ्या दिवसापासून तात्या रोज साडेदहाला अभ्यासिकेत हजर. पांढरा शर्ट, डोळ्याला सोनं बघायचं भिंग, खिशात फडक्यात गुंडाळलेला कसोटीचा काळा दगड. दगड कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "सवय हाय. खिसा हलका झाला की तोल जातो." तमीळ मुलखात राहून त्यांच्या बोलण्यात एकच शब्द उरला होता, 'सरी', म्हणजे बरं. उत्तर पटलं की "सरी". चहा आला की "सरी". बापूंनी भाडं उशिरा देणार म्हटलं तरी "सरी".

प्रश्न वाचायची त्यांची पद्धत आमच्या सगळ्यांहून निराळी होती. आमच्यासाठी विधान म्हणजे छापलेली ओळ. त्यांच्यासाठी त्या ओळीमागं एक माणूस उभा असायचा आणि तो काहीतरी लपवत असायचा. "ह्यो गडी बग," ते म्हणायचे, "म्हणतोय, रस्ता रुंद केला की अपघात कमी हुतील. आरं लेका, अपघात अरुंद रस्त्यानं हुत्यात हे तुला कुणी सांगितलं?" हे ते पुस्तकाकडं बघून, पुस्तकाला म्हणायचे. एखादं गृहीतक सापडलं की मांडीवर अशी थाप मारायचे की मागच्या रांगेतली झोपलेली पोरं उठून बसायची. सकाळी सहाला मला फोन यायचा. "घावलं रं." एवढंच. मग काय घावलं ते मी विचारायचं, आणि अर्धा तास उभ्यानं ऐकायचं. खोटं कशाला बोलू, मला त्या फोनची सवय लागली होती. एखाद्या दिवशी आला नाही तर मीच लावायचो.

बोकडाचा किस्सा तर अजून विट्यात सांगतात. अभ्यासिकेत येणाऱ्या वर्तमानपत्राचं नोकऱ्यांच्या जाहिरातींचं पान रोज गायब व्हायचं. बापूंनी फळ्यावर लिहिलं, 'पान चोरणाऱ्यास अभ्यासिकेतून काढण्यात येईल.' आठ दिवस आम्ही एकमेकांच्या पिशव्यांकडं बघत होतो. मैत्री तुटायची वेळ आली. एक पोरगा तर पुण्यातल्या नोकरीचा अर्ज भरून बसला होता, जाहिरात त्यानंच लपवली असणार म्हणून सगळ्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

तात्यांनी फळा वाचला. "बापू, पान चोरणाऱ्याला काय करायचं असंल त्या पानाचं?"

"वाचणार की. दुसरं काय?"

"म्हंजी घेणाऱ्याला वाचता येतंय, हे तुमी धरलंय."

बापूंनी कपाळाला हात लावला. तात्या सरळ खाली गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून फाटकाशी खुर्ची टाकून बसले. पावणेसातला पेपर फाटकातून आत पडला. सात वाजता शेजारच्यांचा बोकड आला, सिमेंटच्या सिंहाला अंग घासलं, पेपरातलं सर्वांत आतलं, जाहिरातींचं पान ओढलं आणि शांतपणे खाल्लं. आम्ही आलो तेव्हा तात्या खुर्चीत हसून हसून खोकत होते. ज्या पोराशी बोलणं टाकलं होतं त्याला त्यांनी स्वतः चहा पाजला, आणि आम्हा सगळ्यांना त्याच्यापुढं उभं करून माफी मागायला लावली. त्या बाबतीत ते फार कडक होते. गंमत संपली की लगेच कडक व्हायचे.

पण त्यांची खरी करामत म्हणजे थेंब.

बापूंनी एकदा त्यांना फळ्यापुढंच उभं केलं. तात्यांनी खडू घेऊन वाकड्या अक्षरात लिहिलं, 'विट्यात अभ्यासिका सुरू झाली, म्हणून यंदा जास्त पोरं पास होतील.' खाली दोन पर्याय लिहिले. अ, पोरं अभ्यासिकेत येतील. ब, विट्यात दुसरं वाचनालय नाही. मग विधानाखाली एक जाड रेघ ओढली.

"ही दगडावरची रेघ," ते म्हणाले. "आता पर्याय उलटा करायचा आणि त्याचा थेंब रेघंवर सोडायचा. अ उलटा काय?"

"पोरं अभ्यासिकेत येणार न्हाईत," आम्ही ओरडलो.

"मग ऱ्हाईल का विधान?"

"न्हाई."

त्यांनी हातानं रेघ पुसली. पुन्हा ओढली. "ब उलटा?"

"विट्यात दुसरं वाचनालय हाय."

"मग?"

"तरीबी पोरं पास हुतील की. रेघ टिकली."

"मग उत्तर कोणतं?"

आणि अर्ध्याहून जास्त वर्गानं, छाती काढून, ठणकावून सांगितलं, "ब!"

का? कारण अर्ध्याहून जास्त वर्ग गलाईवाल्यांचा. जन्मापासून घरात एकच ऐकलेलं, रेघ टिकली तर सोनं, उडाली तर पितळ. ती चूक विट्याबाहेरच्या पोरांनी केली नसती. तात्या इतके खूश झाले की खडू हातातच मोडला. "बापाच्या वर गेलासा की रं," ते म्हणाले. "गड्यांनो, दुकानात आपुन रेघ तपासतो. हितं थेंब तपासायचा. ज्या थेंबानं रेघ उडती, त्योच आपला पर्याय. त्याच्यावरच सगळं उभं हुतं, म्हणून तर उडाली." मी ते वाक्य तिथंच वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. साताऱ्यात माझ्या क्लासच्या भिंतीवर आज तेच रंगवलेलं आहे.

सारिकाला त्या दिवशी काय सापडलं कुणास ठाऊक, पण तिथून ती सुटली ती सुटलीच. सराव परीक्षेत तर्काचे पंधरापैकी पंधरा यायला लागले. तात्या आणि ती एकमेकांना प्रश्न टाकायचे, तेही कसल्या वेगानं. आम्ही बाकीचे कॅरम बघावा तसे बघत बसायचो.

अशाच एका दुपारी, सराव परीक्षा संपल्यावर, तात्यांनी आम्हाला मंगलची गोष्ट सांगितली. भिंग काढून ठेवलं होतं आणि दगडावरून अंगठा फिरवत होते. सांगून झाल्यावर सारिका म्हणाली, "मग तुमी गेलासा का न्हाई तिच्याकडं?"

"ती हितंच ऱ्हाती आता. आटपाडीच्या वाटंवर सासरचं गाव हाय तिचं. नवरा अजून मदुराईतच."

"तरी न्हाई?"

तात्यांनी घसा खाकरला. "बावीस वर्सं झाली गं. पोरंबाळं मोठी झाली, मळा हाय, सुखात हाय. आता जाऊन सांगून काय उपेग न्हाई."

सारिका उठली आणि फळ्याकडं गेली. ती काय करणार हे मला कळलं होतं आणि तिला थांबवायचं धाडस माझ्यात नव्हतं. तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'विधान: बावीस वर्षे झाली, ती सुखात आहे, म्हणून सांगून उपयोग नाही.' खाली लिहिलं, 'अ. ती विसरली आहे.' मग विधानाखाली रेघ ओढली आणि खडू तात्यांच्या हातात दिला.

"टाका थेंब."

तात्या फळ्याकडं बघत राहिले. "ती विसरल्याली न्हाई," ते हळूच म्हणाले. पर्याय उलटा झाला होता. त्यांनी पुढं होऊन तळहातानं रेघ पुसली, आणि पुसलेल्या जागेवर हात तसाच ठेवून उभे राहिले. मला वाटलं, आता ते रागावतील किंवा रडतील. ते वळले तेव्हा चेहऱ्यावर सकाळी सहाच्या फोनवेळचा तोच हुरूप होता. "आटपाडीची एसटी उद्या किती वाजता हाय रं?"

आम्ही तिघं गेलो. तात्या, सारिका आणि मी. तात्यांच्या पिशवीत कानस, तेजाबाची बाटली आणि काचेची काडी. खिशात दगड. वाटेत डाळिंबाच्या बागा दिसायला लागल्या तसा तात्यांचा हात खिशातल्या दगडावर गेला.

मंगल अंगणात बसून डाळिंबं निवडत होती. मोठी एका क्रेटमध्ये, बारकी दुसऱ्यात. चाळीस-बेचाळिशीची, उन्हानं रापलेली बाई. तिनं मान वर केली आणि तात्यांना लगेच ओळखलं. विसरणं तर लांबच राहिलं.

"बसा," ती म्हणाली.

तात्या बसले नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं. सांधा, हलकं सोनं, दुसऱ्या पाटल्या, सगळं. मधे एकदाही थांबले नाहीत, आणि स्वतःच्या बाजूनं एक शब्द बोलले नाहीत. मंगलचे हात चालूच होते. मोठं डाळिंब इकडं, बारकं तिकडं. शेवटी तिनं हात पुसले, आत गेली आणि एक फडक्याची गाठ आणून तात्यांच्या पुढं ठेवली. पाटल्या होत्या. काळवंडलेल्या.

तात्यांनी भिंग लावलं. सांधा शोधला, त्याच्यापासून लांब कानस मारली, आणि दगडावर रेघ ओढली. काडीनं थेंब सोडला. आमची चार डोकी त्या दगडावर वाकली होती. थेंब फसफसला नाही. रेघ होती तशी पिवळी राहिली. तात्यांनी दुसरी पाटलीही लावली. तीही तशीच.

"चोख हाय," तात्या म्हणाले. "चोख हाय, पोरी."

"मला ठावं हाय," मंगल म्हणाली.

तात्यांनी वर बघितलं.

"आबा मला खोटं कशाला देतील? आणि विट्यात त्या यंत्रावरबी बघून आले मी, चार वर्सं झाली. तवाच कळलं हुतं."

"मग कुणाला सांगितलं न्हाईस?" सारिकानं विचारलं.

"माझं कोण ऐकतंय? यंत्राची पावती दाखवली असती तर माणसं म्हणली असती, पैसं दिऊन आणली. ह्यांच्या तोंडनं गेल्यालं हाय ते. ह्यांच्याच तोंडनं माघारी यायला पायजे." मग तिनं पाटल्या उचलल्या आणि घराकडं बोट केलं. "आत्ती आत हायेत. त्यांस्नी सांगा."

आत्ती म्हणजे तिची सासू. तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हातारी जिवंत आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. सांगायचं ते मंगललाच, असं ते धरून चालले होते. गृहीतकांचा एवढा अभ्यास, आणि दारात आल्यावर पुन्हा एक धरलेलंच. सारिकानं माझ्याकडं बघितलं. तसल्या वेळी सुद्धा आम्हा दोघांना हसू आवरेना.

म्हातारी आतल्या खोलीत कॉटवर बसली होती. ऐंशीच्या पुढची, डोळे धड, कान गेलेले. तात्या जवळ जाऊन म्हणाले, "काकी, मी हणमंता. मदुराईचा. पाटल्यांचं सोनं खरं हाय."

"काय?"

"सोनं खरं हाय."

"आं?"

मग तात्यांनी छातीत हवा भरली. तेजाबानं खाल्लेल्या त्या छातीतून असा आवाज येईल असं मला वाटलं नव्हतं. "मंगलच्या बापानं दिल्यालं सोनं चोख हाय. चूक माझी हाय. मी सांध्यावर दगड लावला."

शेजारच्या घरातून दोन बायका बाहेर आल्या. रस्त्यावरचा ट्रॅक्टरवाला थांबला. तात्यांनी ते तिसऱ्यांदा सांगितलं, आता म्हातारीसाठी नव्हे, सगळ्यांसाठी, दाराकडं तोंड करून.

म्हातारी त्यांच्याकडं एकटक बघत होती. "आता वरडतुयास कशाला?" ती म्हणाली. "बावीस वर्सं कुटं हुतास?"

तात्यांनी मान खाली घातली. म्हातारीनं हात पुढं केला, मंगलच्या हातातली एक पाटली घेतली, बोटांनी आतून बाहेरून चाचपली. सांध्याच्या जागी बोट थांबलं. मग मंगलकडं देऊन म्हणाली, "घाल."

मंगलनं घालायला घेतली, पण पाटली बोटांच्या पेरांपाशीच अडली. नवरीच्या मापाची होती. मधे बावीस वर्षं राबलेला हात होता. मंगल तशीच उभी राहिली, आणि इतका वेळ न रडलेली बाई तिथं रडली.

"साबण आण की गं," म्हातारी सारिकाला म्हणाली. "बगत काय ऱ्हायलीस?"

साबणाच्या फेसातून एक पाटली चढली. दुसरी काही केल्या चढेना. मंगल ती हातात धरूनच आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आली. तिनं तात्यांना माफ केलं असं काही म्हटलं नाही. एक क्रेट डाळिंबं मात्र दिली, आणि ती घ्यावीच लागली. एसटीत मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तात्या खिडकीतून बाहेर बघत होते. विटा जवळ आलं तेव्हा म्हणाले, "सारिका, अजून एक धरलंय मी."

"काय?"

"मी बोललो हुतो मदुराईत. तिथं गल्लीतली माणसं हुती. ती अजून त्येच धरून चालल्यात."

सारिकाची परीक्षा सांगलीला होती. तात्या आमच्याबरोबर आले, कारण त्याच संध्याकाळी मिरजेहून त्यांची मदुराईकडची गाडी होती. परीक्षा केंद्राबाहेर दिवसभर लिंबाखाली बसून त्यांनी चार पालकांची डोकी खाल्ली. सारिका दुसरा पेपर देऊन बाहेर आली, तर कसा गेला वगैरे काही न विचारता त्यांनी प्रश्नपुस्तिकाच ओढून घेतली आणि गृहीतकाची पानं उघडून तिथंच फुटपाथवर उकिडवे बसले. पहिला प्रश्न, सरी. दुसरा, सरी. तिसऱ्याला दोघांची जुंपली. तात्या म्हणाले ब, सारिका म्हणाली क. तिनं ब उलटा करून थेंब टाकून दाखवला, रेघ टिकली. तात्यांनी मांडीवर थाप मारली. "मला हरवलं रं हिनं," ते लिंबाखालच्या सगळ्या पालकांना सांगत सुटले. उत्तरतालिका आली तेव्हा क बरोबर निघाला. सारिका त्या वर्षी ती परीक्षा पास झाली, आणि पुढचीही.

मिरज स्टेशनवर गाडी उभी होती. तात्यांनी ती प्रश्नपुस्तिका वाटेत वाचायला मागून घेतली होती. खिडकीशी बसून ते तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, कच्च्या कामासाठी सोडलेल्या जागेत, काहीतरी लिहीत होते.

"तात्या, त्या गल्लीतली निम्मी माणसं आता नसतील की," मी बाहेरून म्हणालो.

"जी हाईत त्यांस्नी सांगतो. नसतील त्यांच्या पोरांस्नी."

गाडी हलली. त्यांनी पान आमच्याकडं वळवून खिडकीच्या गजांना लावून धरलं. त्या दिवाळीला दुकानात आणि दुकानापुढं असलेल्या माणसांची नावं होती, वाकड्या अक्षरातली, एकाखाली एक, सोळा. पहिलं नाव मंगलच्या सासूचं होतं, आणि त्याच्यापुढं बरोबरची खूण केलेली होती.